हिंगण्याची झोपडी, अलीगढची डोली आणि देहूरोडच्या आपल्या मुली

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. आम्ही काही मोठी संस्था नाही. देहूरोडातले चार-सहा जण आहोत, कुणी शिक्षक, कुणी डेपोतून निवृत्त झालेले, एकदोघी गृहिणी. फॉर्म भरून द्यायचे, दाखल्यांची यादी सांगायची, एवढंच आमचं काम. मुलाचा फोन असला तर प्रश्न ठरलेला असतो, ‘कटऑफ किती लागेल?’ मुलीच्या घरून फोन आला की प्रश्न वेगळा असतो. कटऑफ नंतर. आधी, ‘परतायला किती वाजतील? सोबत कोण असेल? हॉस्टेलला बाई कोण आहेत, जेवण कसं आहे?’

पूर्वी या प्रश्नांचा आम्हाला राग यायचा. मुलीला ऐंशी टक्के पडलेत आणि अब्बू जेवणाचं विचारतायत! पण या दोन-तीन वर्षांत मुलींच्या महाविद्यालयांचा जुना इतिहास वाचत गेलो, आणि लक्षात आलं की हे प्रश्न आपल्या समाजाचे खास प्रश्न नाहीत आणि आजचेही नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या ब्राह्मण बापांनी हेच विचारलं होतं. अलीगढच्या शरीफ घराण्यांनीही हेच विचारलं होतं. ज्यांनी या प्रश्नांची नीट उत्तरं दिली, त्यांचीच कॉलेजं उभी राहिली. म्हणून या वेळी प्रवेशाची माहिती देण्याआधी थोडा इतिहास.

आपल्या गावापासूनच निघू. देहूरोड स्टेशनवरून लोकल धरली की शिवाजीनगरला उतरता येतं. तिथून मेट्रोने सिव्हिल कोर्टला गाडी बदलून नळ स्टॉप. समोरचा रस्ता कर्वे रोड, आणि याच रस्त्यावर एसएनडीटी महिला विद्यापीठाचं पुण्यातलं आवार आहे. रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते कर्वे रोज याच बाजूने पायी जायचे. तेव्हा रस्ता नव्हता, चिखलाची वाट होती.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा. कोकणातल्या मुरूडचे. 1891 मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले, आणि त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं. 11 मार्च 1893 ला त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. त्या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून त्यांचंच नाव सांगतात. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, घरात आणि आश्रमात ‘बाया’. मुरूडच्या लोकांनी या जोडप्याला वाळीत टाकलं. मुलगा आला तर आईच्या घरावरही बहिष्कार, इतकं ते कडक होतं.

आता इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि आम्हाला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. 1893 च्याच सुमारास शारदा सदनावर मोठं वादळ आलं होतं. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या, आणि सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात असं पुण्यात पसरलं. वर्तमानपत्रांत रान उठलं, सल्लागार मंडळातली मोठी मंडळी बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. शाळेत शिकवणं चांगलं की वाईट, यावर कुणी बोलतच नव्हतं. विश्वास उडाला होता, आणि तो उडाल्यावर शिक्षण कितीही चांगलं असलं तरी बाकं रिकामी होतात.

कर्वे हे डोळ्यांनी पाहत होते. म्हणून 14 जून 1896 ला त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा फार सांभाळून पावलं टाकली. स्वतः विधवाविवाह केलेला माणूस, पण आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही हे पक्कं. मुलींनी शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं, बस. लोकांना वाटत होतं, हा आश्रम म्हणजे विधवांची लग्नं लावायचा कारखाना. ते वाटणं काढून टाकल्याशिवाय कुणी मुलगी पाठवणार नव्हतं.

मग प्लेग आला. पुणं ओस पडायला लागलं, शहरात आश्रम ठेवणं अवघड झालं. रावबहादूर गोखले यांनी गावाबाहेर हिंगण्याला सहा एकर जमीन आणि 750 रुपये दिले, आणि 1900 मध्ये तिथे एक झोपडी उभी राहिली. हिंगणे म्हणजे आजचं कर्वेनगर. आज तिथे फ्लॅटचे भाव विचारायची सोय नाही, पण तेव्हा माळरान होतं, रात्री दिव्याला दिवा दिसत नसे. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि संध्याकाळी पायी हिंगण्याला यायचे. पाठीवर सामान, हातात कंदील. रात्री मुलींना शिकवून पहाटे परत पुण्याला, कॉलेजच्या तासाला हजर. पावसाळ्यात ती वाट कशी असेल याची कल्पना आपल्या विकासनगरच्या जुन्या रहिवाशांना चांगली येईल.

या आश्रमाला घडवलं ते मात्र बायकांनी, आणि त्यांची नावं रस्त्यांना नाहीत. आनंदीबाईंच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले ऐन विशीत विधवा झाल्या, पदरात एक मुलगा. त्या आश्रमात शिकल्या आणि आश्रमाच्याच झाल्या. गावोगाव फिरून वर्गणी मागायच्या, सभेत बोलायच्या. पुढे 1918 मध्ये, पन्नाशीला टेकलेल्या असताना, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम. तिथे लोकांच्या घरी भांडी घासली, घरकाम केलं, इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवून 1920 मध्ये परत आल्या. त्यांनी आपली गोष्ट ‘माझी कहाणी’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. आनंदीबाईंचं ‘माझे पुराण’ही आहे, त्यात नवऱ्याच्या मोठेपणाखाली बायकोने काय काय सोसलं ते कुठलाही आव न आणता आलं आहे. दोन्ही पुस्तकं घरात मुलींच्या हाताला लागतील अशी ठेवावीत.

आश्रमाच्या आवारातले रिवाज याच गरिबीतून पडले. स्वयंपाक, झाडलोट, पाणी, सगळं मुलींनीच करायचं. ‘काम शिकवतो’ असा देखावा त्यात नव्हता, गडी ठेवायला पैसेच नव्हते. पण त्यामुळे झालं असं की ज्या विधवांना घरात राबवून घेतलं जायचं, त्याच इथे राबत होत्या, आणि तरी इथलं राबणं त्यांचं स्वतःचं होतं. दुसरा रिवाज भाऊबीजेचा. दिवाळीत भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो. ज्या मुलींना भावांनी टाकलं त्यांच्यासाठी समाजाने ओवाळणी घालावी, म्हणून भाऊबीज फंड सुरू झाला. संस्थेच्या बाया घरोघर जाऊन अगदी रुपया-दोन रुपयेही पावती देऊन घ्यायच्या. तो फंड आजही गोळा होतो. आपल्याकडे जकात-सदक्याची एवढी मोठी परंपरा आहे. मुलींच्या बसपासचा आणि हॉस्टेलचा असा एखादा नेमाचा फंड आपल्या भागात का नाही, हा विचार हे वाचताना आमच्या मनात आलाच.

1915 च्या सुमारास कर्व्यांच्या हाती एक छोटी पुस्तिका आली, जपानमधल्या महिला विद्यापीठाची. टोकियोचं ते विद्यापीठ 1901 मध्ये जिन्झो नारुसे यांनी काढलेलं. पुस्तिका आधी बाजूलाच पडली होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद कर्व्यांकडे आलं, भाषणाची तयारी करताना ती आठवली, आणि त्यांनी त्याच भाषणात महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. लोकांना ती हवेतली वाटली. पैसा नाही, सरकारची मान्यता नाही, विद्यार्थिनी नाहीत, आणि विद्यापीठ!

तरी 1916 च्या जून महिन्यात विद्यापीठाची पहिली सभा भरली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती, रँग्लर परांजपे पहिले कुलगुरू. जुलैत हिंगण्याला महिला पाठशाळा, म्हणजे विद्यापीठाचं पहिलं कॉलेज, सुरू झालं. विद्यार्थिनी किती? पाच. कुलपती, कुलगुरू, सिनेट, सगळा थाट, आणि वर्गात पाच मुली. आजच्या भाषेत सांगायचं तर बॅच रद्द झाली असती.

या कॉलेजचं वेगळेपण दोन गोष्टींत होतं. एक, शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा सक्तीचा पण वेगळा विषय. दुसरं, घरकाम, आरोग्य, बालसंगोपन असे विषय अभ्यासक्रमात. पदवीलाही ‘बी.ए.’ म्हणायचं नाही. ‘गृहीतागमा’, म्हणजे जी.ए., असं खास नाव. त्या काळच्या मोठमोठ्या लोकांनी यावर टीका केली. मुलींना दुय्यम शिक्षण देताय, खरं विद्यापीठ मुंबईचं, तिथेच मुलींनी मुलांबरोबर बसावं. दुसरीकडे सनातनी म्हणत होते की शिकवायचंच कशाला. कर्वे मध्ये सापडले. आम्हाला विचाराल तर टीका करणाऱ्यांचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं. जी.ए. पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती, नोकरीला ती चालत नसे, आणि हे ओझं त्या मुलींनी कित्येक वर्षं वाहिलं. विद्यापीठाला कायद्याने पूर्ण मान्यता मिळाली ती 1951 मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. पण हेही खरं की मुंबईच्या इंग्रजी कॉलेजात ज्यांना बापाने कधीच पाठवलं नसतं, अशा मुली या कॉलेजात आल्या. आदर्श शाळा आणि घरातून सुटका होईल अशी शाळा, यांत निवड करायची पाळी आली तर काय करायचं? कर्व्यांनी दुसरी निवडली.

पैशाची गाडी चालली ती 1920 मध्ये. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. त्या रकमेच्या व्याजापोटी वर्षाला 52,500 रुपये विद्यापीठाला मिळायचे. त्यांच्या आईचं नाव नाथीबाई, वडिलांचं दामोदर. म्हणून श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, एसएनडीटी. किती तरी मुली तीन-तीन वर्षं या आवारात काढतात आणि ही चार अक्षरं कशाची हे त्यांना माहीत नसतं. एका व्यापाऱ्याच्या आईचं नाव आहे ते. 1936 मध्ये विद्यापीठाचं मुख्य ठिकाण मुंबईला गेलं. पुण्याचं कॉलेज पुण्यातच राहिलं.

आता जे टोचतं तेही लिहिलं पाहिजे. हिंगण्याचा आश्रम हिंदू विधवांसाठी होता, आणि सुरुवातीला त्यातही जवळजवळ सगळ्या ब्राह्मण. दलित मुलीला तिथे जागा नव्हती, आपल्या मुलीचा तर प्रश्नच आला नाही. ज्या समाजाकडून देणग्या यायच्या त्या समाजाला दुखवायचं नाही, हे कर्व्यांचं धोरण होतं. त्या धोरणाने आश्रम वाचला आणि त्याच धोरणाने दार अरुंद राहिलं. कर्व्यांना स्वतःला हे डाचत असावं असं वाटतं, कारण 1944 मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ काढला. उशीर झाला होता, पण केलं. त्यांच्याही आधी पन्नास वर्षं पुण्यातच जोतीराव-सावित्रीबाईंनी सगळ्यांसाठी शाळा काढल्या होत्या, आणि 10 ऑक्टोबर 1856 च्या सावित्रीबाईंच्या पत्रात फातिमाचं नाव येतं. त्या नावाभोवती अलीकडे पुष्कळ गोष्टी रचल्या गेल्या, मग उलट ती नव्हतीच असंही म्हणून झालं. आमचं मत एवढंच, की जेवढं कागदावर आहे तेवढं अभिमानाने सांगावं. वर मीठमसाला लावला तर उद्या खरं तेही खोटं ठरतं.

मग आपल्या समाजाच्या मुलींचं कॉलेज कुठे सुरू झालं? त्यासाठी अलीगढला जावं लागतं. गोष्ट जवळपास हिंगण्याचीच आहे, फक्त माणसं वेगळी.

काश्मीरच्या पूंछ भागातले शेख अब्दुल्ला अलीगढच्या कॉलेजात शिकून वकील झाले. 1902 मध्ये त्यांचं लग्न दिल्लीच्या वहीद जहाँ बेगम यांच्याशी झालं. पुढे मुली त्यांना ‘पापा मियाँ’ आणि ‘आला बी’ म्हणू लागल्या. 1904 मध्ये दोघांनी ‘खातून’ नावाचं मासिक काढलं, बायकांच्या शिक्षणाची बाजू मांडायला. भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम पाठीशी उभ्या राहिल्या. 1906 च्या ऑक्टोबरात अलीगढ शहरात मुलींची शाळा सुरू झाली. कॉलेजजवळ नाही, शहरात. कारण मुलांच्या कॉलेजच्या आसपास मुलींची शाळा नको म्हणून तिथल्याच मोठ्या लोकांचा विरोध होता.

मुली शाळेत यायच्या कशा? डोलीतून. कहार घरासमोर यायचे, पडद्याची डोली आत न्यायची, मुलगी बसली की पडदा बंद, शाळेच्या दारात उतरायची. आज हे ऐकून हसू येतं. पण शेख अब्दुल्लांनी ओळखलं होतं की आधी पडद्यावर वाद घातला तर शाळा निघणारच नाही. पडदा राहू द्या, आतून पुस्तक जाऊ द्या. 1914 मध्ये मुलींचं बोर्डिंग सुरू झालं, उद्घाटन भोपाळच्या बेगमांनीच केलं. भिंती उंच. आणि पहिल्या मुलींत शेखसाहेबांच्या घरच्याच मुली. आमच्या मते पूर्ण कहाणीतली सगळ्यात मोठी चाल ही. ‘तुमच्या मुली पाठवा’ असं भाषण करण्याआधी स्वतःच्या मुली तिथे ठेवल्या. आला बी स्वतः बोर्डिंगमध्ये राहायला आल्या. मुलींबरोबर जेवायच्या, आजारी मुलीच्या उशाशी बसायच्या. बापाच्या प्रश्नाला उत्तर तयार होतं. हॉस्टेलला बाई कोण? आला बी. जेवण कसं? त्या जेवतात तेच.

ही शाळा वाढत वाढत 1937 मध्ये पदवी कॉलेज झाली, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचं विमेन्स कॉलेज. त्यांची एक मुलगी मुमताज जहाँ हैदर तिथे बरीच वर्षं प्राचार्या होत्या, दुसरी रशीद जहाँ डॉक्टर आणि लेखिका झाली. इस्मत चुगताई याच शाळेच्या. डोलीतून सुरुवात झालेल्या शाळेतून अशा निर्भीड बाया निघाल्या. शेख अब्दुल्लांना 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं. कर्व्यांना 1958 मध्ये भारतरत्न मिळालं होतं, वयाच्या शंभराव्या वर्षी. 1962 च्या नोव्हेंबरात ते गेले. दोघांनाही आयुष्य लांबलचक मिळालं, म्हणून काम तडीला गेलेलं पाहता आलं. आला बी मात्र 1939 मध्येच गेल्या.

आपल्या महाराष्ट्रातल्या मुस्लिम स्त्रियाही या कामात होत्या बरं का. मुंबईच्या फैजी बहिणी, जोहरा, अतिया आणि जंजिऱ्याच्या नवाबाशी लग्न झालेल्या नाजली, या सगळ्या अलीगढच्या या चळवळीशी जोडलेल्या होत्या. अतिया फैजी तर 1906 मध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या होत्या. मुरूड-जंजिरा आणि कर्व्यांचं मुरूड, नावं सारखी आहेत, गावं वेगळी. एक रायगडात, एक रत्नागिरीत. पण त्या एकाच किनाऱ्यावरून दोन्हीकडे मुलींच्या शिक्षणाचा विचार चालू होता, हे वाचताना मौज वाटते.

परत देहूरोडला येऊ. गेल्या वर्षी आमच्याकडे एक वडील आले होते. गॅरेजचं काम करतात. मुलीला इंजिनिअरिंग करायचं होतं. त्यांना कर्वेनगरचं कमिन्स कॉलेज दाखवायला नेलं, 1991 मध्ये सुरू झालेलं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज. ते ज्या संस्थेचं आहे ती कर्व्यांचीच, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था. म्हणजे हिंगण्याच्या त्याच माळावर आज मुली कॉम्प्युटर इंजिनिअर होतात, आपल्याही मुली होतात. ज्या आवारात एके काळी आपल्याला दार नव्हतं. आत गेल्यावर त्या वडिलांनी आधी मेस पाहिली, मग हॉस्टेलच्या बाईंशी दहा मिनिटं बोलले, मग गेटवरच्या वॉचमनशी. लॅब पाहायला आलेच नाहीत. आम्ही काही बोललो नाही. वाटेत म्हणाले, ‘ठीक आहे, फॉर्म भरा.’

म्हणून आमचं पालकांना सांगणं, की प्रश्न विचारा, पण जाऊन विचारा. फोनवर, शेजाऱ्याला, मशिदीबाहेर उभं राहून नको. कॉलेजात जा, मुलीला बरोबर न्या, तिथे शिकणाऱ्या मुलींशी तिला एकटीला बोलू द्या. आणि आम्ही मुलींनाही सांगतो की अम्मी-अब्बू जेवणाचं विचारतात म्हणून चिडू नका. त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की ‘नाही’ म्हणायचं कारण संपतं.

आता कामाचं. 2024-25 पासून राज्य सरकारने व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांना ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलं पाहिजे आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. आपल्यातले बागवान, अत्तार, मोमीन, तांबोळी, मण्यार, शिकलगार, पिंजारी असे कितीतरी समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत नसल्याने मुली खुल्या प्रवर्गातून पूर्ण फी भरतात, नाही तर घरी बसतात. दाखल्याला वेळ लागतो, जुने पुरावे आजोबांच्या गावाहून आणावे लागतात. मुलगी अकरावीत असतानाच कामाला लागा. अभ्यासक्रमांची यादी आणि नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच फॉर्म भरा.

ज्यांना रोज पुण्याला जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी एसएनडीटीचं दूरशिक्षणही आहे, घरी राहून पदवी होते. पण घरी राहून शिकणारी मुलगी घरातल्या कामात अडकते हा आमचा अनुभव आहे. शक्य असेल तर बाहेरच पाठवा.

आणि सोबतीचा प्रश्न राहिला. यंदा सकाळच्या लोकलने शिवाजीनगरपर्यंत जाणाऱ्या मुलींची यादी आम्ही करतोय, कोण कुठल्या गाडीने जाते, कुठे उतरते. मागच्या वर्षी सात मुली होत्या, पहिल्या दिवशी एकमेकींना ओळखतही नव्हत्या. आता बायकांच्या डब्यात त्यांची जागा ठरलेली आहे. नवीन मुलींनी पहिल्या आठवड्यात तिकीटखिडकीपाशी थांबावं, त्या घेऊन जातील.